ग्रँट मिळाली, पण लाईटबिल कोण भरणार?

मागच्या अंकात आम्ही सामाजिक संस्था आणि देणगीचा पैसा ह्यावर प्रश्न पाठवा म्हटलं आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं धरून एवढे प्रश्न आले की ह्या पानांत मावणारच नाहीत. बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरत होते म्हणून त्यातले आठ घेतलेत. नावं काढून टाकलीत, बाकी मजकूर फारसा हलवलेला नाही. मी स्वतः अकरा वर्षं एका छोट्या संस्थेत हिशेब लिहिण्यात आणि प्रपोजलं करण्यात घालवली आणि नंतर सहा वर्षं टेबलाच्या पलीकडे बसले, म्हणजे एका निधीच्या निवड समितीवर अर्ज वाचत, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात. एक शब्दाचा घोळ आधीच मिटवते, अनुदान म्हटलं की लोकांना सरकारच आठवतं, पण इथे ट्रस्ट, फाउंडेशन, कंपन्या किंवा लोकांनी मिळून जमवलेला निधी ह्यांच्याकडून ठरावीक कामासाठी येणाऱ्या पैशाबद्दल बोलणं चाललंय. बोलताना सगळे त्याला ग्रँट म्हणतात, मीही तेच म्हणणार.

ताई, आमची संस्था शाळेतल्या मुलांसाठी संध्याकाळी अभ्यासिका आणि दुपारी ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र चालवते, नऊ वर्षं झाली. यंदा पाच ठिकाणी अर्ज केले. तिघांनी "खेद आहे" असं दोन ओळींचं उत्तर पाठवलं, दोघांनी तेही नाही. काम चांगलं असून नकार का? आमचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून का? — एका संस्थेचे सचिव

इंग्रजीचं मनातून काढून टाका. आमच्याकडे आलेल्या अर्जांतला सगळ्यात नीट भरलेला अर्ज मला आठवतो तो हाताने लिहिलेला होता, निळ्या बॉलपेनने, दोन ठिकाणी खाडाखोड, पण बजेटच्या तक्त्यात एक ओळ होती: "किल्ल्या सांभाळणाऱ्या मावशी, संध्याकाळी दीड तास, आठवड्याचे सहा दिवस". बाकीच्या गठ्ठ्यात सगळ्यांनी "व्यवस्थापन खर्च" म्हणून एकच गोल आकडा ठोकून दिलेला, आणि इथे मात्र दार कोण उघडतं, कोण लावतं, आणि ती बाई आजारी पडली तर वर्ग भरणार नाही हे लिहिणाऱ्याला पक्कं माहिती आहे हे कळत होतं. त्या संस्थेला आम्ही पैसे दिले.

नकार येतात ते बहुतेक वेळा तुमचं काम वाईट म्हणून नाही तर तुम्ही चुकीच्या दारात उभे असता म्हणून. ट्रस्टचा पैसा कशासाठी वापरायचा हे त्याच्या मूळ दस्तात लिहिलेलं असतं, तिथे सहा वर्षांखालची मुलं असं लिहिलं असेल तर तुमची आठवीतली मुलं कितीही हुशार असोत, विश्वस्तांचे हात बांधलेले असतात. दुसरं म्हणजे आकार, ज्या संस्थेचा गेल्या वर्षीचा एकूण खर्च दहा आहे तिने एका फंडरकडे, म्हणजे ग्रँट देणाऱ्याकडे, तीस मागितले की समितीत पहिला प्रश्न हाच येतो की ह्यांना हे पैसे पेलतील का. आणि तिसरं, हे सांगायला मलाच लाज वाटते पण एका अर्जात आमच्या निधीच्या जागी दुसऱ्याच फाउंडेशनचं नाव तीन ठिकाणी तसंच राहिलं होतं, हशा झाला, अर्ज बाजूला पडला.

म्हणून अर्ज लिहायच्या आधी त्या फंडरने गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाला आणि किती दिलं ती यादी बघा, बऱ्याच जणांच्या वार्षिक अहवालात असते, त्यात तुमच्यासारखी एकही संस्था नसेल तर पोस्टाचा खर्च वाचवा. मग फोन करा. अर्जाच्या आधी दहा मिनिटं बोलायला कुणी तयार असेल तर त्या दहा मिनिटांत पाच पानांचं काम होतं. नकार आल्यावरही विचारा, "का नाकारलं" असं नको, "आमचा अर्ज कुठल्या टप्प्यावर गळाला" असं विचारा, पहिल्याच चाळणीत गळाला तर दार चुकलं होतं आणि शेवटच्या फेरीत गळाला तर पुढच्या वर्षी परत टाका. आणि अभ्यासिका आणि विरंगुळा केंद्र एकाच अर्जात कोंबू नका, मुलांसाठी देणारे वेगळे असतात आणि म्हाताऱ्यांसाठी देणारे वेगळे, म्हाताऱ्यांसाठीचे जरा कमीच.

कंपन्यांकडे जाणार असाल तर भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ आहे, ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्याच कलमात कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही म्हटलंय. तेव्हा लांबच्या बड्या नावापेक्षा जवळ कुणाचा कारखाना, कुणाचं ऑफिस आहे ते आधी बघा.

आमचा फंडर म्हणतो पगार, भाडं, ऑडिट फी ह्यातलं काही देणार नाही, सगळा पैसा "थेट लाभार्थ्यांवर" खर्च झाला पाहिजे. आमचं समुपदेशन केंद्र आहे, तिथे समुपदेशकाचा पगार सोडून दुसरा खर्चच काय? मग आम्ही अर्धा पगार "प्रशिक्षण साहित्य" ह्या हेडखाली दाखवतो. सगळेच दाखवतात. चालतं ना? — एक खजिनदार

नाही चालत. सगळेच दाखवतात हे मला माहिती आहे, आमच्याही संस्थेत एके काळी झेरॉक्सचं बिल जरा जास्तच फुगायचं, पण खर्चाच्या विवरणावर सही तुमची असते आणि त्यावर तपासणाऱ्या सीएची, आणि ज्या दिवशी फंडरचा माणूस येऊन "एवढं साहित्य आहे कुठे, दाखवा" म्हणेल त्या दिवशी नऊ-दहा वर्षांचं नाव एका कपाटापुढे उभं राहून घालवाल. आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे तुम्ही स्वतःच फंडरला शिकवताय की समुपदेशन पगाराविना होतं. पुढच्या वर्षी तो तेवढंच देणार, शेजारच्या संस्थेलाही तेवढंच देणार, वर तुमचं उदाहरण देणार.

हे दुष्टचक्र जगभर आहे आणि त्यावर लिहून झालंय, २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या एका नियतकालिकात आलेल्या लेखात ह्याला संस्थांची उपासमार म्हटलं होतं: देणाऱ्याला वाटतं चालवण्याचा खर्च अगदी कमी असतो, संस्था त्या दबावाने खर्च कमी करते आणि कागदावर त्याहूनही कमी दाखवते, मग देणाऱ्याचा समज अजून पक्का होतो. २०१३ मध्ये तर अमेरिकेत संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स ह्या तिघांनी मिळून देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं की नुसत्या ओव्हरहेडच्या, म्हणजे संस्था चालवायच्या खर्चाच्या, टक्केवारीवरून संस्था जोखू नका. गंमत अशी की टक्केवारी बघायची सवय लोकांना लागण्यात असल्याच मूल्यमापनाचा हात होता.

आमच्या संस्थेची गोष्ट सांगते. एका देणगीदाराने, नाव नको, आम्हाला दहा कॉम्प्युटर दिले. नवे कोरे. कार्यक्रम झाला, रिबन, फोटो, भाषण. शिकवणाऱ्याचं मानधन मागितलं तर म्हणाले ते आमच्या धोरणात बसत नाही, आणि लाईटबिलाचं तर विचारूच नका. चार महिने त्या मॉनिटरवरची प्लॅस्टिकची पिशवी निघाली नाही. मी रोज सकाळी ऑफिस उघडायचे, एका फडक्याने त्या दहा पिशव्यांवरची धूळ पुसायचे आणि दहा पडद्यांमध्ये माझंच तोंड दिसायचं. मग एका निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून दोन दिवस यायचं कबूल केलं म्हणून निभावलं, नाहीतर सहामाही अहवालात आम्ही काय लिहिणार होतो देव जाणे. हे जुनंच दुखणं आहे म्हणा. अमेरिकेतल्या ॲन्ड्र्यू कार्नेगी ह्या पोलादसम्राटाने जगभर अडीच हजारांवर वाचनालयांच्या इमारतींना पैसे दिले, पण चालवायचा खर्च गावाने उचलायचा अशी अट होती, इमारतीला जेवढे दिले त्याच्या १० टक्के दरवर्षी. म्हणजे वाचनालय चालायला दरवर्षी पैसा लागतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं, फक्त तो त्याला द्यायचा नव्हता. पुढे त्याच्याच कार्नेगी कॉर्पोरेशन ह्या ग्रँट देणाऱ्या संस्थेने पाहणी करवली तेव्हा इमारती आहेत पण तयार ग्रंथपाल नाहीत हे समोर आलं, १९१७ नंतर नव्या इमारतींच्या ग्रँट बंद झाल्या आणि पैसा ग्रंथपालांच्या शिक्षणाकडे वळला.

तर करायचं काय. बजेट मांडताना "प्रशासन" नावाचं गाठोडं करूच नका, ते दिसलं की कापायला हात शिवशिवतात. प्रत्येक खर्च कामाला बांधा. तुमची खोली रोज पाच तास वापरात असेल आणि त्यातले दोन तास समुपदेशन चालत असेल तर भाडं, लाईट, झाडलोट ह्यांचा ४० टक्के वाटा समुपदेशनाचाच खर्च आहे, ओव्हरहेड नाहीच तो. समुपदेशकाचा पगार पगार म्हणूनच लिहा, आणि शेजारी लिहा आठवड्याला किती जण भेटतात, एका भेटीला किती वेळ, भेटीनंतरच्या नोंदींना किती. खाली एक ओळ टाका की उरलेला खर्च कुठून येणार. एवढं करूनही फंडर म्हणाला की पगार नाहीच, तर तो पैसा घेऊ नका. हो, खरंच. समुपदेशकाविना समुपदेशन केंद्राला ग्रँट देणारा माणूस तुम्हाला देत नाहीये, काम वाढवून ठेवतोय.

देणारेही हळूहळू बदलतायत. २०२० च्या साथीत शेकडो फाउंडेशननी जाहीर केलं की दिलेल्या पैशावरच्या अटी सैल करतो, गरज पडेल तिथे वापरा, आणि अमेरिकेतल्या अब्जाधीश मॅकेन्झी स्कॉटने त्याच वर्षापासून अटी न घालता मोठमोठ्या रकमा संस्थांना द्यायला सुरुवात केली. तुमच्या फंडरला हे माहिती असेलच असं नाही, गप्पांच्या ओघात सांगा.

प्रपोजल लिहून देणारा एक एजंट म्हणतो, ग्रँट मंजूर झाली तर १५ टक्के द्या, नाही झाली तर एक पैसा नको. सौदा बरा वाटतो. — महिला मंडळाच्या अध्यक्षा

सौदा बरा वाटतो म्हणूनच वाईट आहे. ते १५ टक्के बजेटमध्ये कुठल्या हेडखाली लिहाल? कुठेच लिहिता येत नाहीत, म्हणजे परत वरच्या खजिनदारांसारखी लपवाछपवी. निधी उभारणाऱ्यांची असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स नावाची संघटना आहे, तिच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाईच आहे. लिहायला मदत हवी असेल तर ठरावीक फी द्या, कामाच्या आधी ठरवून, आणि अर्ज मंजूर होवो न होवो. पण पहिला मसुदा तुमचा तुम्हीच लिहा बाई, किल्ल्या कुणाकडे असतात ते त्या एजंटला कुठून कळणार.

एक फाउंडेशन म्हणतंय तुम्ही अर्धी रक्कम लोकांकडून जमवा, अर्धी आम्ही घालू. कार्यकारिणीत दोन तट पडलेत. काही म्हणतात ही संधी आहे, काही म्हणतात ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याकडूनच वर्गणी काढायची ही कसली मदत. — एक कार्यकर्ता

दोन्ही तट बरोबर आहेत, म्हणूनच भांडण मिटत नाहीये.

संधी म्हणणाऱ्यांच्या बाजूने बेंजामिन फ्रँकलिन आहे, अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक. १७५१ मध्ये फिलाडेल्फियात हॉस्पिटल उभं करायचं होतं, वर्गणी रखडली होती, आणि प्रांताच्या विधिमंडळाच्या सभेतले लोक पैसे द्यायला तयार नव्हते कारण त्यांना वाटत होतं ह्याचा फायदा शहरालाच. फ्रँकलिनने ठराव असा मांडला की लोकांनी आधी २,००० पौंड जमवले तरच सभेने २,००० पौंड द्यायचे. सभासदांना वाटलं एवढे काही जमत नाहीत, तेव्हा पदरचं काही न जाता दानशूर म्हणवून घेऊ, सगळ्यांनी हो म्हटलं. मग हा बाहेर येऊन लोकांना सांगायला लागला की तुमचा एक पौंड म्हणजे दोन पौंड. जमले. त्याने पुढे लिहून ठेवलंय की आपण केलेल्या सगळ्या राजकीय डावांत ह्या डावाचा आनंद सर्वात जास्त झाला, आणि त्यातल्या लबाडीबद्दल स्वतःला माफ करणंही सोपं गेलं.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी ज्युलियस रोझेनवाल्ड ह्या उद्योगपतीच्या फंडाच्या मदतीने १९३२ पर्यंत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या, अट हीच की गावाने आपला वाटा घालायचा. हे लोक बहुतेक गरीब शेतकरी, दुसऱ्यांच्या जमिनी कसणारे, आणि ते करही भरत होते ज्यातून गोऱ्यांच्या शाळा नीट चालत होत्या. तरी त्यांनी पैसे, जमीन, लाकूड, अंगमेहनत असं करून घातलेला वाटा एकूण हिशेबात फंडाच्या वाट्याहून थोडा जास्तच भरला. शाळा आपली झाली, जपली गेली, हे खरं. आणि ज्यांच्याकडे सगळ्यात कमी होतं त्यांनी दोनदा पैसे भरले हेही खरं. मला ही गोष्ट अभिमानाने सांगितलेली ऐकली की नेहमी थोडं अस्वस्थ व्हायला होतं.

तुमच्या कार्यकारिणीने फाउंडेशनला तीन गोष्टी विचाराव्यात. स्वयंसेवकांचे तास आणि वस्तू लोकवाट्यात धरणार का. अर्धी रक्कम कमी पडली तर जेवढी जमली तेवढ्याला जोड मिळणार की सगळंच रद्द. आणि वाटा लाभार्थ्यांकडूनच पाहिजे की गावातल्या कुणाकडूनही चालेल, दुकानदार, डॉक्टर, बाहेर गेलेली माजी मुलं. तिसऱ्याला "कुणाकडूनही" असं उत्तर आलं तर दोन्ही तट एका बाजूला येतील.

वर्ष संपत आलं, ग्रँटमधले थोडे पैसे उरलेत. परत गेले तर पुढच्या वर्षी कमी देतील. खुर्च्या घेऊन टाकाव्यात का? — नाव नको

खुर्च्या हव्या असतील तर घ्या. नको असतील तर आत्ताच, वर्ष संपायच्या आधी, फंडरला पत्र टाका की एवढे उरले, ह्या कारणाने उरले, तीन महिने मुदत वाढवून द्या किंवा अमुक हेडमधून तमुक हेडमध्ये वळवू द्या. ही विनंती रोजची असते, समितीत आम्ही अशी पत्रं मिनिटभरात मंजूर करायचो. शेवटच्या आठवड्यातली बिलं मात्र लांबूनच ओळखू यायची. आणि दुसऱ्या प्रोजेक्टचा पगार थकला म्हणून ह्यातून "तात्पुरते" काढू नका, ठरावीक कामासाठी आलेला पैसा दुसरीकडे वळला की तो परत जागेवर आलेला मी फार कमी वेळा बघितलाय.

मी निवृत्त आहे, मुलं आपापल्या जागी सुखी आहेत. थोडी पुंजी आमच्या भागातल्या सामाजिक कामासाठी ठेवायची आहे. मित्र म्हणतात स्वतःच्या नावाचा ट्रस्ट काढ आणि काय करायचं ते नीट लिहून ठेव, म्हणजे नंतर कुणी गडबड करणार नाही. — एक ज्येष्ठ वाचक

काका, इतकं नीट लिहून ठेवू नका की पन्नास वर्षांनी कुणाला काही करताच येणार नाही.

अमेरिकेत सेंट लुईस शहरात ब्रायन मुलानफी नावाचे गृहस्थ होते, १८५१ मध्ये गेले, इस्टेटीचा तिसरा हिस्सा ठेवून गेले तो पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या, वाटेत त्या शहरात आलेल्या गरीब प्रवाशांना मदत करायला. त्या काळात अगदी रास्त, माणसं बैलगाड्या घेऊन निघालेली असायची. मग आली रेल्वे, गाड्यांचे तांडे संपले, पैसा मात्र पडून, आणि शोधायचं कुणाला तर पश्चिमेकडे निघालेल्या गरजू वाटसरूला. त्याच्या उलट लंडनमध्ये बघा, तिथले पूल सांभाळायला शेकडो वर्षांपूर्वीपासून जमत गेलेला एक निधी आहे, पूल अजूनही तोच सांभाळतो, पण जमिनी आणि गुंतवणूक वाढत जाऊन पुलांना लागेल त्याहून जास्त पैसा साठला, तेव्हा हेतूची कक्षा कायदेशीरपणे वाढवून घेतली आणि १९९५ पासून उरलेला पैसा लंडनमधल्या सामाजिक संस्थांना ग्रँट म्हणून जातो. पुलाच्या पैशावर आज समुपदेशन चालतं, मला ही कल्पनाच फार आवडते.

ह्याच प्रश्नावर अमेरिकेत क्लीव्हलँडमधल्या फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकवाल्याने १९१४ मध्ये उत्तर काढलं. मृत्युपत्रातल्या अटींखाली अडकलेले पैसे त्याने बँकेत बसून बघितलेच होते. त्याने अनेकांच्या देणग्यांचा एकच सामायिक निधी केला, गुंतवणूक बँकेने बघायची आणि वाटप शहरातल्या लोकांच्या समितीने, आणि जुना हेतू कालबाह्य झाला तर समितीला तो बदलता येईल अशी तरतूद. ह्याला कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात, आज जगभर आहेत. ज्यांना कुठे द्यायचं ते हयातीत सुचवत राहायची हौस आहे त्यांच्यासाठी त्याच धर्तीच्या न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टने १९३१ मध्ये वेगळी खाती सुरू केली, पैसा एकदा दिला की परत येत नाही पण सल्ला तुमचा.

स्वतंत्र ट्रस्ट म्हणजे दरवर्षी हिशेब, ऑडिट, सभा, इतिवृत्त, विश्वस्त गेला की नवा शोधा. पुंजी थोडी असेल तर व्याजाचा मोठा हिस्सा ट्रस्ट जिवंत ठेवण्यातच जातो. त्यापेक्षा तुमच्या भागात असा सामायिक निधी असेल तर त्यात घाला, नसेल तर चालू असलेल्या एखाद्या भरवशाच्या संस्थेत तुमच्या नावाने निधी ठेवा, आणि हेतू लिहिताना "आठवी ते दहावीच्या मुलींना गणिताच्या वह्या" असं न लिहिता "परिसरातल्या मुलांचं शिक्षण" असं लिहा. गडबडीची भीती आहे ना, मग शब्दांत माणसं बांधण्यापेक्षा माणसं नीट निवडा. आणि एक खासगी सांगते, सगळं मरणोत्तर नका ठेवू. थोडं आत्ता द्या, दुपारी त्या केंद्रात जाऊन बसा.

आम्हाला देणगी देऊ करणाऱ्या व्यावसायिकाबद्दल गावात चांगलं बोललं जात नाही. काही सभासद म्हणतात असला पैसा नको, काही म्हणतात पैशाला काय रंग असतो. — सहसचिव

१९०५ मध्ये अमेरिकेत हाच वाद देशभर गाजला होता. ख्रिस्ती धर्मप्रचाराच्या एका मिशन मंडळाला तेलसम्राट रॉकफेलरने एक लाख डॉलर दिले, वॉशिंग्टन ग्लॅडन ह्या धर्मगुरूंनी हा कलंकित पैसा आहे म्हणून विरोध केला, आणि मग बाहेर आलं की रॉकफेलरने आपणहून दिलेच नव्हते, मंडळानेच मागितले होते. तेव्हा ठरवायचं ते मागायच्या आधी ठरवा. ठराव करून ठेवा की कुणाकडून घेणार नाही, कुठल्या धंद्यातून आलेला पैसा नको, आणि नाव देण्याची अट मानणार की नाही. लोक काहीबाही बोलतात आणि ह्याच्यावर गुन्हा आहे ह्यात फरक करा. माझा स्वतःचा निकष साधा होता, देणाऱ्याचं नाव केंद्राच्या दारावर लागलं तर आत यायला कुणी कचरेल का. व्यसनमुक्ती केंद्राला दारूच्या कारखान्याचं नाव लावायच्या चर्चेपर्यंत आम्ही एकदा गेलो होतो, त्यावरून आलेलं शहाणपण आहे हे.

आमची तीन वर्षांची ग्रँट चार महिन्यांनी संपतेय. नवीन काही मिळालेलं नाही. आमच्या बायकांसाठीच्या समुपदेशन केंद्रात दोन मुली पूर्ण वेळ काम करतात, त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या दुसरी नोकरी बघतील आणि काम आत्ताच बंद पडेल. — एका केंद्राच्या संचालिका

सांगा. ह्याच आठवड्यात.

त्या दुसरी नोकरी बघतील हे खरंच आहे, बघायलाच हव्यात, आणि चार महिने हा त्यासाठी काही फार वेळ नाही. तुम्ही लपवलंत तर शेवटच्या पंधरवड्यात त्यांना कुणाकडून तरी कळेल, आणि तुमच्याकडे येणाऱ्या बायकांना तर त्याहूनही उशिरा, एखादी ठरल्या वेळी येईल आणि दाराला कुलूप. माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही आहे, एका जुन्या केंद्राच्या बंद दाराशी एक बाई पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसलेली बघितली होती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता फंडरशी बोलायचं ते असं. नवीन तीन वर्षं मागू नका, ती त्यांच्या पुढच्या सभेत अडकतील. शेवटच्या टप्प्यासाठी थोडी रक्कम मागा, सहा महिन्यांची, की ज्यांचं समुपदेशन अर्ध्यावर आहे त्यांचं पूर्ण करू, नवीन नोंदणी थांबवू, नोंदी नीट बंद करून ठेवू, ज्यांना पुढे मदत लागेल त्यांना दुसरीकडे जोडून देऊ. असल्या मागणीला नाही म्हणणं अवघड जातं कारण तीन वर्षांचा त्यांचाही पैसा त्यात वाचतो. चांगले फंडर हे आधीच धरून चालतात, वर ज्याचं नाव आलं त्या रोझेनवाल्डने आपला फंड आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांत संपवायचाच असं सांगून ठेवलं होतं, तो १९३२ मध्ये गेला आणि फंड १९४८ मध्ये बंद झाला, मुदतीच्या बऱ्याच आधी. गेट्स फाउंडेशनने तर २०२५ मध्येच जाहीर केलं की २०४५ मध्ये आम्ही बंद होणार. तुम्हाला वीस वर्षांची नोटीस कुणी देणार नाही, पण पुढच्या वेळी करारावर सही करतानाच "संपल्यावर काय" हे एक कलम घालून घ्या.

दरम्यान दोघींपैकी एकीला अर्धवेळ ठेवता येईल का ते लोकवर्गणीचा आकडा समोर ठेवून बघा, पण दोघींसमोर बघा, एकीला आत बोलावून नको. संध्याकाळी केंद्र बंद करायच्या आधी दोघींना बसवा आणि मंजुरीचं पत्र काढून टेबलावर ठेवा, दुसऱ्या पानावरची शेवटची तारीख त्यांची त्यांना वाचू दे.